आजोबांच्या भजनाच्या कॅसेटी : १९२ किलोहर्ट्झने आवाज सुधारेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. देवगडच्या घरी माळ्यावर आजोबांच्या डबलबारी भजनांच्या (दोन बुवांच्या सामन्याच्या) आणि गणपतीतल्या गाऱ्हाण्यांच्या (देवापुढे घातलेल्या साकड्यांच्या) तीसेक कॅसेटी सापडल्या. तुम्ही जुना डेक मिळवलात, त्याच्या हेडफोनच्या भोकातून वायर काढून लॅपटॉपच्या माइकच्या भोकात घातलीत आणि रेकॉर्ड केलंत. आवाज आला तो चिरका आणि दबलेला. मित्र म्हणतो, ४४.१ किलोहर्ट्झवर रेकॉर्ड केलंस म्हणून असं झालं, १९२ किलोहर्ट्झ आणि ३२ बिटचं कन्व्हर्टर, म्हणजे आवाज मोजून त्याचे आकडे करणारं यंत्र, घे. शिवाय तुम्ही विचारलंय की डिजिटल केल्यावर आवाजाच्या पायऱ्या होऊन मधलं काही कायमचं जातं का, आणि काम झालं की कॅसेटी टाकून द्यायच्या का.

मी रत्नागिरीत ध्वनिमुद्रणाचं काम करतो, आणि त्यातला बराच भाग अशाच घरगुती कॅसेटींचा असतो. तेव्हा आधीच सांगतो : मित्राचं ऐकून एवढ्यात पैसे घालवू नका. तुमचा आवाज बिघडलाय तो कन्व्हर्टरपर्यंत पोचायच्या आधी. कन्व्हर्टर समोर येईल ते मोजतो. समोर बिघडलेलं आलं तर १९२ किलोहर्ट्झवाला तेच बिघडलेलं जास्त वेळा मोजेल, एवढाच फरक.

हे अंदाजाने बोलत नाही. तुम्ही जोडलेली अर्ध्या मिनिटाची क्लिप उघडून पाहिली. डिजिटलमध्ये आवाजाची कमाल पातळी शून्य डेसिबल धरतात, त्याच्या वर काही लिहिताच येत नाही. तुमच्या क्लिपमधला सगळ्यात मोठा आवाज उणे ८ च्या आसपास आहे, म्हणजे वर भरपूर जागा मोकळी आहे. तरीही मोठं करून पाहिलं की गजराच्या भागात लाटांचे माथे सपाट कापलेले दिसतात. कन्व्हर्टरने कापले असते तर ते शून्यावर कापले गेले असते. उणे ८ वर कापले गेलेत याचा अर्थ ते लॅपटॉपच्या माइक ॲम्प्लिफायरमध्येच कापले गेले, आणि नंतर तुम्ही लेव्हलची पट्टी खाली ओढलीत. माइकच्या भोकाला काही मिलिव्होल्टची अपेक्षा असते. डेकच्या लाइन आउटमधून साधारण एक तृतीयांश व्होल्ट येतो, हेडफोनच्या भोकातून आवाज वाढवला तर त्याहूनही जास्त. एवढं आत शिरल्यावर ते बिचारं ॲम्प्लिफायर काय करणार? लाल दिवा लागला नाही म्हणून आवाज फाटला नाही, असं होत नाही.

दुसरं, डावा आणि उजवा चॅनल तंतोतंत सारखे आहेत. लॅपटॉपचा माइक मोनो असतो, त्यामुळे डेककडून आलेला एक चॅनल वाऱ्यावर गेला. तिसरं, ५०, १०० आणि १५० हर्ट्झवर गुणगुण आहे, ती आपल्या विजेची. चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवा, बहुतेक वेळा ती जाते. आणि चौथं, जे मला सगळ्यात जास्त खटकलं : ७ किलोहर्ट्झच्या वर जवळपास काहीच नाही. झांजा वाजताहेत हे कळतं, पण त्यांची किणकिण नाही. याचं मूळ डेकच्या हेडपाशी, म्हणजे टेपवरचा आवाज उचलणाऱ्या भागापाशी आहे. तिकडे येतोच.

त्याआधी पायऱ्यांचं. टेप हेडवरून सरकते तेव्हा हेडमधून सतत बदलणारा विजेचा दाब बाहेर पडतो. कन्व्हर्टर ठरलेल्या अंतराने तो दाब मोजतो आणि आकडा लिहून ठेवतो. ४४.१ किलोहर्ट्झ म्हणजे सेकंदाला ४४,१०० मापं. आता हा आकडा त्या क्षणापुरता असतो. पुढचा आकडा येईपर्यंत आवाज तिथेच थांबून राहतो आणि मग उडी मारतो, असं नाही. पायऱ्यांची ती चित्रं समजावण्यासाठी काढलेली असतात आणि समजुतीपेक्षा गैरसमजच जास्त पसरवतात. नायक्विस्ट या अभियंत्याने १९२८ मध्ये आणि शॅनन या गणितज्ञाने १९४९ मध्ये जे मांडलं त्याचा मथितार्थ असा : आवाजातल्या सर्वांत वरच्या कंपनसंख्येच्या दुपटीहून जास्त वेळा मापं घेतली, तर त्या ठिपक्यांमधून जाणारी वक्ररेषा एकच निघते. अंदाजे नाही, अगदी तीच. वाजवताना पुढचा फिल्टर ती रेषा पुन्हा काढतो. माणसाचा कान फार तर २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकतो, त्याची दुप्पट ४०, वर थोडी मोकळीक, झाले ४४.१. (नेमका ४४.१ हाच आकडा का, तर सुरुवातीची डिजिटल मुद्रणं व्हिडिओ टेपवर साठवायचे आणि त्या यंत्रांच्या ओळींच्या हिशोबात हा बसायचा. १९८२ मध्ये सीडी आली तेव्हा तो कायम झाला.)

इथे एक अट आहे आणि सगळी मेख तिच्यात आहे. मोजण्याच्या गतीच्या निम्म्याच्या वरचं काही आत येताच कामा नये. आलं तर ते गप्प बसत नाही, वेगळंच रूप घेऊन खाली उतरतं. देवगडच्या माणसाला हे समजावणं सोपं आहे. जेटीच्या खांबावर पाणी किती चढलंय ते रोज सकाळी बरोब्बर आठ वाजता बघून लिहा, दिवसातून एकदाच. भरती रोज साधारण पाऊण-एक तास उशिरा येते. त्यामुळे आज आठला पाणी भरलेलं असेल, तर आठवड्याने त्याच वेळी ओहोटी असेल, आणि पंधरवड्याने परत भरती. तुमची वही ज्याने समुद्र कधी पाहिला नाही अशा माणसाला दिली तर तो खुशाल म्हणेल, देवगडला भरती पंधरा दिवसांतून एकदा येते. वहीतला एकही आकडा चुकलेला नाही, चुकली ती मोजण्याची गती. आवाजात हेच होतं. ४४.१ ने मोजताना ३० किलोहर्ट्झचा, म्हणजे कानाला ऐकूच न येणारा सूर आत शिरला, तर तो १४.१ किलोहर्ट्झचा सूर म्हणून नोंदला जातो, आणि मग तो ऐकू येतो. एकदा नोंदला गेला की खरा १४.१ चा कुठला आणि हा तोतया कुठला, हे कोणालाही सांगता येत नाही.

म्हणून प्रत्येक कन्व्हर्टरच्या तोंडाशी वरचं कापणारा फिल्टर असतो. पूर्वी तो २० आणि २२ किलोहर्ट्झच्या चिंचोळ्या जागेत एकदम कापावा लागायचा आणि त्याचे दुष्परिणाम खालच्या सुरांवर व्हायचे. आताचे कन्व्हर्टर आत सेकंदाला लाखो वेळा मोजतात आणि मग हिशोबाने ४८ किंवा ४४.१ वर आणतात, त्यामुळे तो जुना त्रास उरलेला नाही. दांडीसारख्या स्वस्त यूएसबी कन्व्हर्टरमध्ये मात्र हे फिल्टर कसे असतील याची खात्री देता येत नाही. १९२ ला माझा तात्त्विक विरोध नाही, पण तुमच्या टेपवर आहे काय ते बघा. कॅसेट सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर एवढ्या संथ गतीने चालते. साध्या टेपवर चांगल्या डेकने रेकॉर्ड केलं तर १२ ते १५ किलोहर्ट्झपर्यंत मजल जाते. घरातल्या टू-इन-वनच्या (रेडिओ आणि टेप एकत्र असलेल्या यंत्राच्या) अंगच्या माइकने, समोर खळ्यात बसून भरलेल्या भजनात त्याच्याही खाली. १९२ ने तुम्ही ९६ किलोहर्ट्झपर्यंतचं मोजणार, आणि तिथे टेपची खरखर सोडून काही नाही.

बिटचंही असंच. सोळा बिट म्हणजे प्रत्येक माप ६५,५३६ पातळ्यांपैकी एका पातळीवर बसतं. दर बिटमागे साधारण ६ डेसिबल मिळतात, म्हणजे सोळा बिटला सगळ्यात मोठ्या आणि सगळ्यात बारीक आवाजात ९५ डेसिबलहून जास्त अंतर. साध्या कॅसेटवर हे अंतर पन्नास-पंचावन्न असतं, त्याच्या खाली टेपची सळसळ. थोडक्यात, टेपची ऐपत नऊ बिटांची. तरीही मी चोवीस बिटांवर घेतो, आणि त्याचं कारण लेव्हल. चोवीस बिटांत वर १२ डेसिबल जागा मोकळी सोडली तर दोनच बिट वाया जातात, त्याचं दुःख नाही. सोळा बिटांत माणूस जागा वाचवायला लेव्हल वर ताणतो, आणि नेमक्या त्याच वेळी गजरात सगळ्या झांजा एकदम पडतात.

मित्राच्या ३२ बिटबद्दल एवढंच : ऑडॅसिटीसारखा रेकॉर्डिंगचा प्रोग्राम ३२ बिटची फाइल बनवतो, पण आतला कन्व्हर्टर सोळा बिटांचा असेल तर फाइल फुगते, मापं तीच राहतात. १९२ चंही तसंच. बऱ्याच स्वस्त दांड्या ४८ च्या पुढे मोजतच नाहीत, उरलेले आकडे कॉम्प्युटर मधे मधे भरतो आणि पडद्यावर १९२ दाखवतो. घ्यायचंच असेल तर लाइन इन असलेला साधा दोन चॅनलचा ऑडिओ इंटरफेस (लॅपटॉपला बाहेरून लावायचा कन्व्हर्टर) घ्या, खऱ्या चोवीस बिटांचा. सेटिंग ४८ किलोहर्ट्झ, चोवीस बिट, स्टिरिओ. ध्वनिसंग्रहालयांची आंतरराष्ट्रीय संघटना, आयासा, किमान एवढंच सांगते. मोठे संग्रह ९६ वापरतात, आणि संग्रहासाठी काम आलं तर मीही ९६ वर देतो. ४८ ला तासाला साधारण एक जीबी लागतो, ९६ ला दोन, १९२ ला चारच्या वर. साध्या वेव्ह फाइलची मर्यादाच चार जीबीच्या आसपास असते, हेही मित्राला सांगा.

आता हेड. तुमच्या झांजा जिथे हरवल्या ती जागा. आधी सफाई : आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाच्या काड्या घ्या, हेड आणि त्याच्या शेजारी फिरणारा बारीक स्टीलचा दांडा पुसा. काडी तपकिरी व्हायची थांबेपर्यंत पुसत राहा. रबरी चाक ओलसर फडक्याने. एवढ्यानेच अर्धं काम होतं कधीकधी.

उरलेलं अर्धं काम म्हणजे हेडचा कोन, आमच्या भाषेत ॲझिमथ. हेडमधली फट टेपला बरोबर काटकोनात हवी. ती अगदी किंचित जरी कलली तरी वरचे सूर एकमेकांना खाऊन टाकतात, खालच्यांना काहीच होत नाही. म्हणून आवाज ‘दबलेला’ वाटतो आणि लोक टेपला दोष देतात. बरं, तुमचा डेक कंपनीच्या मापात अगदी अचूक असला तरी उपयोग नाही, कारण आजोबांच्या टू-इन-वनचं हेड ज्या कोनात होतं त्याच कोनात टेपवर आवाज उमटलाय. आपल्याला तो कोन पकडायचाय. हेडच्या बाजूला दोन स्क्रू दिसतात. एक पक्का असतो, दुसऱ्याखाली बारीक स्प्रिंग असते, बऱ्याचदा वर रंगाचा थेंब. तो स्प्रिंगवाला. आधी त्याची मूळ जागा मार्करने खूण करून ठेवा. झांजांचा भाग लावा, दोन्ही चॅनल एकत्र करून मोनोत ऐका, आणि स्क्रू अगदी हळू फिरवा, इकडे-तिकडे पाव फेऱ्याच्या आत. एका जागी झांज एकदम उघडते. त्याच्या पुढे गेलात की परत मिटते. जिथे सर्वांत जास्त उघडते तिथे थांबा. प्रत्येक कॅसेटला, कधी कधी तर प्रत्येक बाजूला हे नव्याने करावं लागतं. स्क्रूड्रायव्हर चुंबकीय नसलेला घ्या. हात थरथरत असेल किंवा डेक उघडायची भीती वाटत असेल तर हे काम जाणकाराकडे द्या, त्यात कमीपणा नाही.

हे फाइलमध्ये नंतर इक्वलायझरने भरून काढता येतं का, असं विचारणारे भेटतात. नाही येत. जे टेपवरून उचललंच गेलं नाही ते वाढवायला गेलात तर फक्त सळसळ वाढेल.

यात परिस्थितीवर अवलंबून असलेला भाग बुरशीचा. आपल्याकडचा पावसाळा आणि माळ्यावरची जागा, म्हणजे काही कॅसेटींत ती असणारच. कॅसेटच्या खिडकीतून उजेडाकडे धरून बघा. टेपच्या गुंडाळीच्या कडेवर पांढरे तंतू किंवा ठिपके दिसले तर ती कॅसेट डेकमध्ये घालू नका. एक बुरशीची कॅसेट हेड घाण करते आणि तीच घाण पुढच्या चांगल्या कॅसेटींना लागते. अशा वेगळ्या काढा, हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून काही दिवस कोरड्या होऊ द्या. उन्हात ठेवू नका, तांदळात तर मुळीच पुरू नका. मग मास्क लावून, घराबाहेर साफ करायच्या. कवचाला पाच स्क्रू असतील तर टेप काढून नव्या कवचात घालता येते. चिकटवलेलं कवच असेल तर फोडावं लागतं, आणि ते सवयीच्या हाताने केलेलं बरं. टेपमागची फेल्टची बारीक गादी गळून पडली असेल तर आवाज येतो-जातो. तेव्हाही इलाज तोच, कवच बदलणं. शक्य असेल तर हे सगळं दिवाळीनंतर करा, हवा कोरडी असते आणि वीजही धड राहते.

निरोगी कॅसेट आधी एकदा पुढे आणि एकदा मागे पूर्ण फिरवून घ्या, गुंडाळी सारखी बसते. मग सगळ्यात मोठा आवाज असेल तो भाग शोधून लेव्हल लावा. भजनात तो शेवटच्या गजरात असतो, गाऱ्हाण्यात ‘व्हय म्हाराजा’ला. तिथे शिखर उणे १० ते १२ डेसिबलवर राहिलं की झालं. लेव्हल एकदा लावली की कॅसेट संपेपर्यंत हात लावायचा नाही. विंडोजमधलं आवाज ‘सुधारणारं’ जे काही असेल ते बंद करा. डेकवरचं डॉल्बीचं (टेपची सळसळ कमी करणाऱ्या सोयीचं) बटणही बंद ठेवा, कारण टू-इन-वनला सहसा डॉल्बी नसायचं. लग्नात एखाद्या हौशी पाहुण्याने चांगल्या डेकवर भरलेली कॅसेट असेल आणि तिच्या लेबलावर तसं लिहिलं असेल तरच ते चालू करा.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागेल. झांज पडली की आजोबांचा आवाज एकदम मागे जातो आणि मग हळूहळू वर येतो, हे तुमच्या क्लिपमध्येही आहे. टू-इन-वन आपोआप लेव्हल सांभाळायचा, मोठा आवाज आला की सगळंच खाली दाबायचा. हे टेपवरच आहे. कुठल्याही कन्व्हर्टरने ते जाणार नाही, हाताने थोडंफार सावरता येईल.

गती तपासायला तुमच्याकडे उत्तम साधन असू शकतं. सेल उतरलेल्या टू-इन-वनवर भरलेली टेप आज वाजवली की जलद आणि चढी वाजते. सहा टक्के फरक पडला की सूर एका पट्टीने सरकतो, काळी एक गाणारा पांढरी दोनमध्ये ऐकू येतो. भजनीमंडळाची तीच पेटी अजून घरात किंवा देवळात असेल तर ती काढा, फाइलमधल्या पेटीशी सूर लावून बघा. जुन्या पेट्या स्वतः थोड्या उतरलेल्या असतात, पण बाहेरच्या कुठल्याही ट्यूनरपेक्षा तिची साक्ष खरी. गती फाइलमध्ये बदलता येते, त्यासाठी डेकचा स्क्रू पिळायची गरज नाही.

पहिली फाइल जशी आली तशी ठेवा, वेव्ह किंवा फ्लॅकमध्ये. फ्लॅकमध्ये काहीही न गमावता आकार जवळपास निम्मा होतो. सळसळ काढणं, कापणं, एमपी-३ बनवणं हे सगळं तिच्या प्रतीवर. सळसळ काढताना हात आवरता घ्या, नाहीतर झांजांबरोबर आजोबांचा श्वासही जाईल. मुंबईच्या नातेवाइकांना व्हॉट्सॲपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा. कॅसेटच्या लेबलाचा, आतल्या कागदाचा फोटो फाइलच्या नावानेच ठेवा. कोण बुवा, कुठली बारी, कुठलं गाव, हे आज सांगणारी माणसं आहेत तोवर विचारून लिहून काढा. दोन वेगळ्या डिस्कवर प्रती, त्यातली एक गावाबाहेर.

आणि कॅसेटी टाकून देऊ नका. आज माझ्या-तुमच्या डेकने जे उचललं त्यापेक्षा चांगलं उचलणारा डेक किंवा चांगला हात उद्या मिळू शकतो, आणि फाइलमध्ये काही गडबड निघाली तर परत जायला मूळ हवं. पूर्ण मागे फिरवून, उभ्या, सिलिका जेलसह बंद डब्यात ठेवा, स्पीकर आणि लोहचुंबकापासून लांब. माळ्यावर नको, आतल्या खोलीच्या कपाटात. डब्यात डांबरगोळ्या तेवढ्या घालू नका, त्यांच्या वाफेने कॅसेटचं प्लास्टिक खराब होतं.